धुडकू मास्तरांचं शॉपिंग सेंटर

सुरतच्या लिंबायत भागात मास्तर म्हटलं की शाळा डोळ्यांसमोर येत नाही. यंत्रमागांच्या खात्यात जो कारीगरांवर नजर ठेवतो, माग अडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरतो, आणि शेठच्या शिव्या वरून खालपर्यंत बिनचूक पोचवतो, तो मास्तर. धुडकू बोरसे हे असे मास्तर होते. साक्रीकडच्या गावाहून ते सुरतेला आले तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता मिशी पांढरी झाली होती, आणि मधल्या सगळ्या काळात मागांची खटाखट त्यांच्या कानाशी अखंड चालू होती.

माणूस कामावर जे सोसतो त्यापासून घरी तरी सुटका शोधतो, असं समजदार लोक म्हणतात. मास्तरांनी खटाखट घरी आणली. दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या प्लॉटवर त्यांनी दोन मजले चढवले, खालचा लांबलचक हॉल एका शेठला माग टाकायला भाड्याने दिला, आणि वर चार खोल्या काढल्या. मागच्या खोलीत ते स्वतः, बायको शोभाबाई आणि मुलगा योगेंद्र. बाकीच्या तीन भाडेकरूंना. इमारत चोवीस तास थरथरायची. फळीवरचे डबे रात्रभरात आपापली जागा सोडून पुढे सरकायचे, आणि शोभाबाई सकाळी उठून त्यांना मागे ढकलायच्या. गल्लीतल्या सगळ्याच घरांत ही रीत होती, त्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

खोल्यांमधल्या भिंती मास्तरांनी मुद्दाम छतापर्यंत नेल्या नव्हत्या. वर हातभर जागा मोकळी होती. सुरतच्या उन्हाळ्यात हवा खेळती राहावी हा उद्देश. विटा वाचल्या ही गोष्ट ते ओघात सांगत.

पुढच्या, रस्त्याकडच्या खोलीत श्रीपत तायडे राहायचे. भुसावळकडचे, उधना यार्डात रेल्वेत कामाला. बायको अंजनाबाई आणि मुलगी दीप्ती. ते खोली विचारायला आले तेव्हा मास्तरांनी रिवाजाप्रमाणे आधी आडनाव विचारलं होतं. खाली बारा माग चालू होते. उत्तर ऐकू आलं नाही. दोनदा विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून मास्तरांनी मान डोलावली आणि किल्ली दिली. हे कुटुंब बौद्ध आहे हे पुढे भिंतीवरच्या तसबिरीवरून कळलं. तोवर अंजनाबाईंनी शोभाबाईंच्या टायफॉइडमध्ये तीन आठवडे त्यांचं घर सांभाळलं होतं, आणि विषय काढायची वेळ निघून गेली होती. मास्तर आपल्या उदारपणाबद्दल कधीमधी बोलायचे. तो मूळचा कुणाचा, हे बारा मागांनाच माहीत.

प्लेगच्या सालानंतर महापालिकेने सुरत अशी काही झाडून काढली की लोकांना आपल्याच गल्ल्या ओळखू येईनात. मास्तरांच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला, पक्का झाला, त्यावर दिवे आले. मग शहाण्णव साली खालचा शेठ आपले माग उचलून शहराबाहेर, सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत गेला. गल्लीतल्या लोकांनी मास्तरांचं सांत्वन केलं. मास्तर मात्र मनातून खूश होते. ते रिंग रोडवरची कापड मार्केटं रोज बघत. माणसाने आयुष्यभर माग हाकावेत आणि पैसा मात्र शटरवाल्याने मोजावा, हा न्याय त्यांना बऱ्याच वर्षांपासून कळत होता. आता तो उपयोगात आणायची वेळ आली होती.

सल्ला ठाकोरभाई दलालांनी दिला. ठाकोरभाई पानाच्या ठेल्यावर उभे राहून अख्ख्या लिंबायतच्या जागा इकडच्या तिकडे करत. "मास्तर," ते आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले, "माग का जमाना गया. नीचे शटर, ऊपर ऑफिस. फिर आराम से बैठो, भाडा खाओ."

मास्तरांनी हॉलमधले मागांचे पाये खणून काढले. तेलाने काळी झालेली जमीन फोडून कोटा फरशी बसवली. हॉलचे तीन गाळे केले, तीन शटरं लावली, जिना बाहेरून काढला. एकही गाळा भाड्याने जायच्या आधी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली : खान्देश शॉपिंग सेंटर. पाटी इमारतीपेक्षा थोडी रुंद झाली. दोन्ही टोकं शेजाऱ्यांच्या हद्दीत गेली, पण शेजाऱ्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं.

माग गेले आणि इमारतीत शांतता आली. हा बदल मास्तरांनी हिशोबात धरला होता. शांत खोलीला भाडं जास्त येतं. शांततेचा आणखी एक परिणाम होतो, तो मात्र त्यांच्या लक्षात आला नाही.

बारा माग चालू असताना त्या घरात सगळे ओरडूनच बोलत, आणि कुणालाच शेजारच्याचं काही ऐकू येत नसे. आता पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं की भिंतीवरच्या हातभर जागेतून हवेबरोबर बरंच काही खेळतं. मधल्या खोलीतल्या सरलाबाईंना कळलं की अंजनाबाई त्यांच्या भाजीला काय म्हणतात. अंजनाबाईंना कळलं की सरलाबाईंचा नवरा झोपेत रडतो. दोघी चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, मग बोलल्या, आणि सगळ्यांनी आपापले आवाज खाली आणले.

फक्त मास्तर राहिले. मागाच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान किती उरतात हे त्या खात्यातल्या माणसालाच ठाऊक नसतं. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. ते स्वतः पूर्वीसारखेच बोलत, म्हणजे शटल अडलेल्या मागापलीकडच्या कारीगराला ऐकू जाईल असे. शोभाबाईंनाही त्यांच्याशी तसंच बोलावं लागे, नाहीतर ते म्हणत, "जरासं जोरमा बोल."

संध्याकाळी जेवण झालं की दोघं खोलीत बसत आणि मास्तर घरादाराच्या, भाड्याच्या, धंद्याच्या खासगी गोष्टी बायकोच्या कानावर घालत. त्या वेळी जिन्यात, गच्चीवर आणि समोरच्या ओट्यावर बरीच मंडळी हवा खायला बसलेली असे.

पहिला गाळा एसटीडी बूथवाल्याला गेला. तो आला, पाच मिनिटं बसला, आणि त्याने जो आकडा सांगितला तो नेमका तोच होता, ज्याच्या खाली आपण उतरणार नाही असं मास्तरांनी आदल्या संध्याकाळी बायकोला सांगितलं होतं. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. मास्तर थक्क झाले.

"हाऊ माणूस लई पुढे जाई," ते त्या संध्याकाळी म्हणाले. "समोरच्याच्या मनमधलं वळखस!"

शोभाबाई पानाला चुना लावत होत्या. त्यांचे कान शाबूत होते, कारण त्या कधी खात्यात गेल्या नव्हत्या. नवऱ्याला सांगावं की नाही, याचा त्यांनी त्या वेळी विचार केला, आणि पान तोंडात घातलं. दुसरा गाळा किराणावाल्याने घेतला. त्यालाही मनातलं ओळखता येत होतं.

राहिला तिसरा. त्यासाठी ठाकोरभाईंनी एक साडी एजंट आणला. हा मोठा मासा होता. मात्र त्याला गाळा आणि वरची रस्त्याकडची खोली दोन्ही हवं होतं : खाली माल, वर गादी घालून ऑफिस. दोन्ही मिळालं तर दिवाळीपासून घेतो, नाहीतर पलीकडच्या रस्त्यावर जागा बघून ठेवलीच आहे. रस्त्याकडची खोली म्हणजे श्रीपत तायड्यांची.

मास्तरांना झोप लागेना. वर ऑफिस असल्याशिवाय शॉपिंग सेंटर कसलं? ते नुसते तीन गाळे.

"श्रीपतभाऊले काय सांगशात?" शोभाबाईंनी विचारलं. त्यांनी हे नेहमीपेक्षाही मोठ्याने विचारलं.

"खरं सांगाले लाज वाटस," मास्तर म्हणाले. "सांगतो की योगेंद्रनं लगीन करानं शे. पोऱ्याले खोली पाहिजे. सोताच्या पोरासाठी मांगतलं तर कोनी नही म्हनत नही."

"आन इतला वरीस राह्यनात त्या. आते कोठे जातीन?"

"सुरत काय ल्हान शे का?"

गच्चीवर कुणीतरी खोकलं.

सुरत लहान नव्हती, हे खरंच होतं. पण श्रीपतांनी पूर्वी एकदा खोली शोधली होती आणि ती कशी शोधावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. घरमालक दारात येतो, हसून बोलतो, पाणी देतो, मग आडनाव विचारतो, आणि मग त्याला आठवतं की खोली कालच कुणाला तरी शब्दाने दिली आहे. त्यात दीप्ती यंदा दहावीला होती आणि तिची शाळा दोन गल्ल्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळी जिन्यात उभे राहिले. श्रीपत डबा घेऊन खाली उतरत होते.

"श्रीपतभाऊ, एक गोष्ट होती."

"बोला ना, मास्तर."

"योगेंद्रचं लग्न करायचं म्हणतोय. तर खोली... दिवाळीपर्यंत."

श्रीपतांचा चेहरा बदलला नाही. रेल्वेत माणसाला गाडी किती लेट आहे हे चेहऱ्यावर न दाखवता सांगायची सवय होते. "अरे वा," ते म्हणाले. "मुलगी बघितली का?"

"बघतोय," मास्तर म्हणाले.

"बघा, बघा. चांगली गोष्ट आहे." आणि ते जिना उतरून गेले.

मास्तरांना वाटलं, फत्ते. त्या आठवड्यात श्रीपत दोन ठिकाणी खोली बघायला गेले. एका ठिकाणी पाणी मिळालं, दुसऱ्या ठिकाणी चहासुद्धा. खोली दोन्ही ठिकाणी कालच दिलेली होती. अंजनाबाईंनी हे शोभाबाईंना नळावर सांगितलं, हलक्या आवाजात, कारण आता त्या घरात हलक्या आवाजात बोलायची पद्धत होती. सरलाबाईही तिथेच हंडा भरत होत्या. तिघींनी त्यावर काय ठरवलं ते कुणालाच ऐकू गेलं नाही. परिणाम मात्र सगळ्यांनी पाहिला.

योगेंद्रला स्थळं यायला लागली.

सरलाबाईंच्या नणंदेची जाऊ, किराणावाल्याच्या ओळखीचे एक गृहस्थ, एसटीडी बूथमध्ये गावी फोन लावायला येणारे लोक, ज्याच्या-त्याच्याकडे एक मुलगी निघाली. "मास्तर, खोलीचं पण झालंय म्हणतात, मग थांबताय कशाला?" असं लोक अगदी गंभीर चेहऱ्याने विचारत. मास्तरांना नाही म्हणायला जागा उरली नाही. योगेंद्र मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायच्या कामावर होता, सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा. त्याला विचारलं तर तो लाजून गुजरातीत म्हणाला, "तमे कहो तेम." तुम्ही म्हणाल तसं. मास्तरांना त्याच्याकडून थोड्या विरोधाची अपेक्षा होती.

सरलाबाईंनी आणलेलं बारडोलीचं स्थळ पसंत पडलं. मुलीचे वडील राघो अहिरराव तिथल्या साखर कारखान्यात उसाच्या चरकावर होते. मुलगी जयश्री बारावी झालेली, साड्यांना लेस लावायच्या कामात हात बसलेला. पितृपक्षाच्या आधी मुलीकडची मंडळी घर बघायला आली.

चहा झाला, पोहे झाले. मग राघोबांनी मास्तरांना खूण केली : जरा बाजूला चला, दोन शब्द खासगी आहेत. मास्तर त्यांना तिसऱ्या गाळ्यात घेऊन गेले आणि कुणी ऐकू नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलं.

चरक काही मागापेक्षा शांत नसतो. राघोबांचे कानही नोकरीतच कामी आले होते. रिकामा गाळा, नवी फरशी, अर्धं शटर, आणि आत दोन बहिरी माणसं खासगी बोलत होती. वरची मंडळी पोह्याच्या बशा हातात घेऊन स्तब्ध बसली. रस्त्यावर एक रिक्षावाला थांबला आणि त्याने इंजिन बंद केलं.

"पोरगी म्हनस, वरनी खोली नको," राघोबांचा आवाज आला. "रस्त्यावरनी जागा पाहिजे. ती लेसनं काम लई. हाऊ गाळा द्या तिले."

"हाऊ गाळा मी एजंटले देनार शे."

"मंग खोली कोनले?"

"खोली बी एजंटलेच."

"मंग जवाई कोठे झोपी?" राघोबांनी विचारलं.

मास्तरांनी शटर आणखी वीतभर खाली ओढलं. राघोबा पुढे म्हणाले, "तुम्ही पोरानं लगीन करी राह्यनात का एजंटनं? तसं व्हई तर एजंटनी कुंडली दाखाडा, मी पोरगी त्यालेच देस!"

वर सरलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. अंजनाबाई खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिल्या. दीप्तीला भूगोलाच्या पुस्तकात एकाएकी फार रस वाटू लागला. शोभाबाई राघोबांच्या बायकोला आणखी पोहे वाढत होत्या. दोघींची नजरानजर झाली, आणि दोन्ही विहिणींना एकमेकींची ओळख पटली.

गाळ्यात मास्तर शटरकडे बघत होते. आपण बांधलेलं खोटं आपल्यालाच आत घेऊन बंद झालंय, हे त्यांना कळलं असावं. सोयरीक मोडली तर गल्लीत काय सांगणार? एजंटसाठी मुलाचं लग्न मोडलं, असं? आणि लग्न केलं तर ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं तो एजंट जाणार. मग त्यांनी शटर वर ढकललं.

"ठीक शे," ते म्हणाले. "गाळा पोरीले."

एजंट पलीकडच्या रस्त्यावर गेला. ठाकोरभाईंनी पानाच्या ठेल्यावर मास्तरांशी दहा दिवस बोलणं टाकलं. लग्न दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाची वाट बघून झालं. श्रीपतांना मास्तर जिन्यातच भेटले आणि म्हणाले, "पोरगा खाली राहतो म्हणतो. तुम्ही असू द्या."

"बरं," श्रीपत म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर उशिरा पोचले, कारण ते आधी वर परत जाऊन अंजनाबाईंना सांगून आले.

तिसऱ्या गाळ्याला मागच्या बाजूला लाकडी पार्टिशन पडलं. पार्टिशनच्या आत संसार, बाहेर साड्यांचे गठ्ठे. सकाळी योगेंद्र कामावर गेला की जयश्री शटर उघडायची, गल्लीतल्या पाच-सहा बायका येऊन बसायच्या आणि लेस लावायच्या. रात्री शटर पडलं की ते दुकान पुन्हा घर व्हायचं. शॉपिंग सेंटरच्या तीन गाळ्यांत हाच एक गाळा सर्वांत जास्त चालायला लागला, आणि त्याचं भाडं येत नसे.

जयश्री लग्न होऊन आल्यावर पंधरवड्याच्या आतच एका संध्याकाळी वर आली. मास्तर शोभाबाईंना सांगत होते की श्रीपतांचं भाडं आता वाढवायला हवं, पन्नास मागावेत, चाळीसवर तयार व्हावं, पण तोंड उचलत नाही. ती दारात थांबली, सगळं ऐकलं, आणि सासूने डोळ्यांनी अडवायच्या आत अगदी आदराने म्हणाली, "मामा, जरा हळू बोला. खाली बूथमध्ये फोनवरच्या माणसाला ऐकू येत नाहीये."

"काय?" मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

मास्तर उठून जिन्याच्या तोंडाशी गेले. समोरच्या ओट्यावर बसलेली मंडळी एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. मास्तरांनी वळून शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई पानदान आवरत होत्या.

"कव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"माग गयात तव्हापासून," शोभाबाई म्हणाल्या.

माणसाला एका बैठकीत किती आठवावं लागतं! बूथवाल्याचा आकडा आठवला. किराणावाल्याचा आठवला. सरलाबाईंच्या नवऱ्याला आपण काय म्हणालो होतो ते आठवलं. मेहुण्याबद्दल जे बोललो होतो, तेही. आणि योगेंद्रचं लग्न, दिवाळी, खोली, सुरत काय ल्हान शे का. मास्तर खाटेवर बसले आणि गप्प झाले.

ते दुसऱ्या दिवशीही गप्प होते आणि तिसऱ्या दिवशीही. बोलायचं असलं तर खात्यातल्या कारीगरांसारख्या हाताने खुणा करत. इमारतीत अस्वस्थता पसरली. जिन्यातली मंडळी उगाचच ताटकळून उठून जायला लागली. सरलाबाईंच्या नवऱ्याने किराणावाल्याला विचारलं, "मास्तरांच्या मनात काय चाललंय?" किराणावाल्यालाही आता मनातलं ओळखता येईना.

रविवारी सकाळी श्रीपत मागच्या खोलीच्या दारात आले.

"या," मास्तर म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की श्रीपतांना फक्त ओठ हलताना दिसले.

श्रीपत खाली बसले. शोभाबाई चहा टाकायला उठल्या.

"मास्तर, बरं नाही का?"

मास्तरांनी मान हलवली. मग तोंडाशी हात धरून विचारलं : "तुम्ही सगळं ऐकलं?"

"सगळं नाही. मी दिवसपाळीला असतो तेव्हा नाही. तेव्हाचं अंजना सांगते."

"एजंटचं पण?"

"एजंटचं पण."

"मग बोलला का नाहीत?"

श्रीपतांनी जरा विचार केला. "तुम्ही खोटं सांगत होता, पण तुम्हाला लाज वाटत होती, तेही ऐकू येत होतं. दुसरीकडे गेलो असतो तर तिथल्या मालकाच्या मनात काय आहे ते कसं कळलं असतं? मी गेलो होतो ना बघायला. दोघंही फार गोड बोलले."

स्टोव्हवर चहाला उकळी आली.

"आता तुम्ही गप्प बसलात," श्रीपत म्हणाले, "आणि सगळ्यांना वाटतंय, भाडं दुप्पट होणार. सरलाबाईंचा माणूस तर दुसरीकडे खोली बघायला निघालाय. तेव्हा बोलत जा, मास्तर. पूर्वीसारखं."

"आता कसं बोलू?" मास्तर कुजबुजले. "आता माहीत झालं ना."

श्रीपतांनी शर्टाच्या वरच्या खिशात हात घातला, घडी केलेल्या नोटा काढल्या आणि खाटेवर ठेवल्या.

"हे या महिन्याचं. चाळीस वाढवून दिलेत."

मास्तरांनी नोटांकडे पाहिलं. मग श्रीपतांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू ताठ झाला, छाती भरून आली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खालच्या बूथपर्यंत पोचला.

"पन्नास म्हनलो व्हतो मी!"

"पन्नास मागायचे आणि चाळीसवर तयार व्हायचं, असं म्हणाला होतात," श्रीपत चहाचा कप हातात घेत म्हणाले. "मी मधलं बोलणं वाचवलं."